आजीचा ‘काया’ आणि वहीतला ‘काळा’

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातून जर्मनीत स्थायिक झालेल्या एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांची आठ वर्षांची मुलगी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलते आणि आजीने सांगितलेले हौसेने वहीत उतरवते. परंतु त्या लिखाणात ‘काया दगड’, ‘केयी’, ‘कोन आलं’ असे शब्द येतात, ‘सण’ आणि ‘सन’ एकच होऊन जातात, आणि ‘दिन’ केव्हा व ‘दीन’ केव्हा हे तर त्यांना स्वतःलाही खात्रीने सांगता येत नाही. आजीला नीट बोलायला सांगावे की मुलीचे हे लिहिणे थांबवावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, यांपैकी काहीही करू नका. आजी चुकीचे बोलत नाहीत. आपल्या खान्देशातल्या अहिराणीत आणि लेवा बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, आणि तो लहरीने नव्हे तर नियमाने येतो. म्हणून डोळ्याचा डोया होतो, फळाचे फय होते आणि जळगावचे जयगाव होते. तुमच्या मुलीचे कान उत्तम आहेत. तिने जे ऐकले तेच तंतोतंत लिहिले. अडचण एवढीच की, प्रमाण मराठीत ज्या शब्दांचे उच्चार वेगळे आहेत असे कितीतरी शब्द खान्देशी घरात समोच्चारी होतात: काळा आणि काया, माळा आणि माया, कोण आणि कोन, मण आणि मन. पुण्याच्या मुलाला जी जोडी कानाने सहज सुटते, ती आपल्या मुलांना अर्थावरून सोडवावी लागते, आणि हे ओझे जास्तीचे आहे हे पालकांनी आधी मान्य करावे.

‘मराठी जशी बोलतात तशीच लिहितात’ हे वाक्य आपण मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. कृपया ते सांगणे सोडा, कारण त्यावर विश्वास ठेवूनच मूल ‘केयी’ लिहिते. त्याऐवजी सांगा की, बोलण्याचे रूप घराघरांत बदलते आणि लिहिण्याचे रूप सगळ्यांनी मिळून ठरवलेले आहे. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा जळगाव स्टेशनवर तिला फलाटावरच्या पाटीपाशी उभे करा. कानावर ‘जयगाव’ पडत असताना डोळ्यांसमोर ‘जळगाव’ असेल, आणि हा एक शब्द पक्का झाला की केळी, फळ, डोळा, काळा हे त्याच्यामागून येतात.

येथे एक धोका मात्र आहे. मी अमळनेर तालुक्यात शिकवत असताना एका मुलाच्या वहीतला प्रत्येक ‘डोया’ आणि ‘काया’ लाल शाईने खोडला होता. आठवड्याभराने त्याने निबंधात लिहिले, ‘गाळ दूध देते.’ ‘य’ दिसला की तो चूकच, असे त्याला माझ्या लाल शाईने शिकवले होते. गाय, माय, साय या शब्दांतला ‘य’ मुळातला आहे. तेव्हापासून मी सुटा शब्द दुरुस्त करणे सोडले आणि जोडीतले दोन्ही शब्द नेहमी वाक्यांत एकत्र दिले.

तुम्हीही श्रुतलेखन असेच घ्या. ‘आखाजी हा माहेरवाशिणींचा सण आहे’ आणि ‘सन १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले’ ही दोन वाक्ये लागोपाठ सांगा, आणि ती सांगताना ‘ण’वर मुद्दाम जोर देऊ नका; आजी बोलतात तसाच उच्चार करा, म्हणजे अर्थावरून अक्षर निवडण्याची सवय लागेल. तुमची मुलगी शाळेत जर्मनमधल्या ‘दास’ची दोन स्पेलिंगे (das आणि dass) अशीच वाक्यावरून शिकली असेल, त्यामुळे ही रीत तिला परकी वाटणार नाही. भूमितीचा विषय निघाला तर तिला हेही दाखवा की ‘त्रिकोण’ संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून त्यात ‘ण’ आहे, आणि ‘चौकोन’ मराठीत घडला म्हणून त्यात ‘न’. मुलांना अशा गोष्टी फार आवडतात.

ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या नंतर घ्या, घाई नको. १९६२ साली ठरलेल्या आणि १९७२ साली भर घातलेल्या लेखननियमांपैकी येथे एकच पुरतो: शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दांत त्याआधीची इ-उ दीर्घ लिहायची, परंतु संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मुळाप्रमाणे ठेवायचा. म्हणून धागा तो ‘सूत’ आणि मुलगा तो ‘सुत’. नस ती ‘शीर’ आणि डोके ते ‘शिर’. दिवस या अर्थाचा ‘दिन’ आणि गरीब या अर्थाचा ‘दीन’ हे दोन्ही संस्कृतातले, त्यामुळे तेथे अर्थच लक्षात ठेवावा लागतो. प्रत्यय लावून पाहणेही उपयोगी आहे: ‘सूत’चे ‘सुताने’ होते, पण ‘दीन’चे ‘दीनाला’ होते.

मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय या वयात लावू नका, कारण तेथे ‘न’ की ‘ण’ हे मुलीच्या आधी यंत्रच सुचवते. चौकटीची वही आणि पेन्सिल पुरे.

येत्या रविवारी आजींना कळण्याच्या भाकरीची कृती सांगायला सांगा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून आणण्यापासून भाकर तव्यावर फुगेपर्यंत त्या ‘कयन्याची भाकर’ असेच म्हणतील, आणि मुलीने आधी ते तसेच लिहावे. मग त्याच पानावर, समोरच्या बाजूला, ‘कळण्याची’ असे लिहिण्याचे रूप यावे. दोन्ही रूपे शेजारी राहू द्या, डावीकडचे खोडू नका. लिहून झाले की तो कागद तिने आजींना वाचून दाखवावा, आणि वाचताना आजींसारखे ‘कयन्याची’ म्हणाली तर तिला अडवू नका.