"कधी पोचणार?" सोडून काहीही विचारा

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत व्हर्जिनियाला असतात. दोघांनी बिनपगारी रजा काढून एक सेकंडहँड शिडाची बोट घेतलीय, ३६ फुटी, आणि ऑक्टोबरमध्ये नॉरफोकहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली बहामा बेटांवर जाणार म्हणतात, दोघंच. आमच्या घरात कोणी रंकाळ्यात होडी वल्हवलेली नाही. नाताळपर्यंत पोचाल ना विचारलं तर जावई म्हणतो, आई, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय? मला झोप लागत नाही.
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, जावयाचं उत्तर वाचून मला तर हायसं वाटलं. "२५ डिसेंबरला पोचतो" असं छातीठोक बोलला असता तर मी घाबरले असते. आम्ही दोघं नवरा-बायको ह्याच वाटेने जाऊन आलोय म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, मुलं काही थेट अटलांटिकमध्ये उडी मारणार नाहीयेत. नॉरफोकपासून आतल्या आत एक पाणवाट आहे, नद्या, खाड्या, बेटांमागचं शांत पाणी आणि मधेमधे खणलेले कालवे असं सगळं जोडत जोडत केलेली. तिचा शून्य मैल नॉरफोकलाच, आणि मायामीपर्यंत साधारण १,०९० मैल भरतात. बाहेरून, म्हणजे उघड्या समुद्रातून गेलं तर केप हॅटरास नावाचं भूशिर लागतं, तिथे इतकी जहाजं बुडालीत की त्या पाण्याला अटलांटिकचं स्मशानच म्हणतात, म्हणून आमच्यासारखे बरेच लोक आतून जातात. दोन्ही बाजूंना जमीन, गावं, लोकांचे बंगले, कुत्री भुंकतात. स्पीड ताशी पाच-सहा मैल, म्हणजे सायकलवरचा म्हातारा पुढे निघून जाईल. रात्री चालवायचं नाही, संध्याकाळी नांगर टाकायचा, त्यामुळे दिवसाला चाळीस-पन्नास मैल झाले की डोक्यावरून पाणी. त्यात वाटेत पूल. न उघडणारे पूल ६५ फूट उंचीचे धरलेत, तुमच्या मुलांची डोलकाठी आरामात जाईल, पण उघडणारे पूल असतात तिथे रेडिओवरून पूलवाल्याला विनंती करायची आणि मग तो त्याच्या टाइमटेबलप्रमाणे उघडणार, तोवर गोल गोल फिरत बसा!

सुरुवातीलाच डिस्मल स्वाम्प नावाचा कालवा लागतो, म्हणजे दुसरीकडून पण जाता येतं पण आम्ही ह्यातून गेलो. १८०५ पासून चालू आहे, गुलामांकडून खणून घेतलेला, आणि पाणी म्हणाल तर अगदी कोऱ्या चहासारखं. झाडांच्या पानामुळांचा तो रंग. बोटीच्या पांढऱ्या नाकावर त्याची अशी तपकिरी मिशी उमटते की बघणाऱ्याला कळतं ही कुठून आली, नंतर मी लिंबू चोळून काढली ती.

बोट रुतेल का? रुतेल. आमची जॉर्जियात रुतली, तिथे भरती-ओहोटीत सात-आठ फुटांचा फरक पडतो. नवरा म्हणाला डावीकडे घे, मी घेतलं, आणि बोट अशी हळूच थांबली जसं कोणी मागून पदर धरला. खाली मऊ चिखल, ओहोटी चालू. तासाभरात बोट एका कुशीवर कलली, मग मी तिरकी उभी राहून कुकरला खिचडी लावली (कुकर न्यायलाच सांगा मुलीला, झाकण लॉक होतं, लाटेने सांडत नाही आणि गॅस वाचतो). जेवलो, झोपलो, भरती आली आणि बोट आपोआप सुटली. सहा तास गेले, बाकी काही नाही.

आता तारखेचं. चक्रीवादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे फार लवकर खाली गेलं तर विमेवाले हात वर करतात, आणि उशीर केला तर मागून थंडी लागते. ऑक्टोबर बरोबर आहे. खरी थांबायची जागा आहे फ्लोरिडात. तिथून पलीकडे बहामातल्या वेस्ट एंडला जायला समुद्र फक्त ५५ सागरी मैल, पहाटे अंधारात निघालं तर त्याच दिवशी पोचतो माणूस. पण मधून गल्फ स्ट्रीम वाहतो उत्तरेकडे, ताशी तीनेक मैलांनी. पंचगंगेला पूर आला की पट्टीचे पोहणारे वर जाऊन उडी टाकतात ना, तसंच इथे बोटीचं तोंड थोडं दक्षिणेकडे ठेवून पूर्वेला पोचायचं. तेही जमतं. फक्त वारा उत्तरेचा नको. प्रवाह एकीकडून आणि वारा समोरून आला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात, आणि हिवाळ्यात थंडीची लाट आली रे आली की वारा उत्तरेकडून यायला लागतोच. म्हणून बसायचं. आम्ही फ्लोरिडातल्या लेक वर्थला अकरा दिवस बसलो, रोज पहाटे हवामान ऐकायचं, एकमेकांकडे बघायचं आणि परत झोपायचं. शेजारच्या बोटीचे पाहुणे विमानाने नसाऊला, म्हणजे बहामाच्या राजधानीला, यायचे होते, तिकिटं काढलेली, म्हणून ते निघाले. दुपारी परत आले, शीड फाटलेलं आणि बाई कोणाशीच बोलत नव्हती.

म्हणून बोटवाल्यांत पद्धतच आहे, पाहुण्यांना एक तर जागा सांगतात नाहीतर तारीख, दोन्ही नाही. तेव्हा ताई, तुम्ही भेटायला जायचं तिकीट काढू नका आणि फोनवर "कधी पोचणार" हे विचारू नका, मुली आईला नाही म्हणायला लाजतात आणि मग नको त्या दिवशी निघतात. "हवा काय म्हणतेय" एवढं विचारा.

पलीकडे पोचल्यावर मात्र सगळं निवांत. पिवळं निशाण लावून कस्टमचे सोपस्कार उरकायचे, मग पुढे मैलोन् मैल उथळ पाणी, जमीन कुठेच दिसत नाही पण दहा-बारा फुटांवर तळ दिसतो, त्यावर तारामासे. पाण्याचा रंग बघून चालवायचं, निळं ते खोल, पांढरट ती वाळू, तपकिरी दिसलं की खडक, पळा. आणि गंमत सांगू, उष्ण कटिबंधातली बेटं म्हणून सगळे तिकडे धावतात पण अख्खं बहामा आपल्या मुंबईच्या उत्तरेला आहे!

प्रश्न : आम्हीपण रिटायर झाल्यावर असं काही करायचं म्हणतोय. दोघंच इतके महिने एका बोटीत, भांडणं होत नाहीत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : होतात, आणि बहुतेक संध्याकाळी नांगर टाकतानाच होतात. तो पुढे साखळी सोडतोय, मी मागे सुकाणूवर, मधे इंजिनचा आवाज, त्यामुळे दोघंही ओरडतात आणि आजूबाजूच्या बोटी फुकट तमाशा बघतात. आम्ही शेवटी हातवारे ठरवले. मूठ म्हणजे थांब, तर्जनी वर म्हणजे पुढे, अंगठा मागे म्हणजे रिव्हर्स. एक चौथा हातवारा पण आहे, तो मी ठरवलाय, त्याचा अर्थ त्याला अजून सांगितलेला नाही.