सेप्सिसची दुसरी बाजू

बांबोळीच्या आयसीयूत रुजू होते आहेस, पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूसंसर्गाचे) गंभीर रुग्ण बघशील. संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात ती जीवघेणी अवस्था म्हणजे सेप्सिस; तो नुसता भडकलेला दाह आहे, ही समजूत आधी सोड. 2016 च्या व्याख्येत शरीराच्या ‘बिघडलेल्या प्रतिसादा’वर भर आहे, आणि दडपलेली प्रतिकारशक्ती हाही त्या बिघाडाचाच भाग. लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मोठ्या संख्येने मरतात. त्यांतल्या नियामक टी-पेशी (प्रतिकाराला आवर घालणाऱ्या) मात्र तुलनेने तग धरतात, म्हणून त्यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. नुसती टक्केवारी पाहून ‘पेशी वाढल्या’ असं लिहू नकोस, एकूण संख्या बघ. हे मी प्रत्येक नव्या रेसिडेंटला आवर्जून सांगतो. शिवाय अस्थिमज्जेतून अर्धवट वाढलेल्या मायलॉइड पेशी (पांढऱ्या पेशींचाच दुसरा गट) बाहेर पडतात. त्या आर्जिनेज हे विकर वापरून टी-पेशींना लागणारं आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवतात आणि त्यामुळे टी-पेशी मंदावतात. मात्र या मायलॉइड पेशींना शत्रू समजू नकोस, दाह आवरण्याचं कामही त्याच करतात. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरचं एचएलए-डीआर (जंतूंचे तुकडे टी-पेशींना दाखवणारं प्रथिन) खालीच राहिलं, तर नव्या संसर्गाची शक्यता धर. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. कॅथेटरची जागा रोज बघ, आणि लिम्फोसाइटची संख्या साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) मिळते, तीही रोज टिपून ठेव.