थायरॉईड काढल्यावर ओठांना मुंग्या येत असतील तर अशक्तपणा समजून थांबू नका

‘सासूबाईंचं थायरॉईड कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, घरचे म्हणतात अशक्तपणा आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. तीन वर्षांपूर्वी माझ्या ताईबद्दल जवळजवळ हेच शब्द मी फोनवर सांगत होते, म्हणून लगेच लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही. पण आजच्या आज रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. सोबत मॅग्नेशियम आणि पीटीएच (पॅराथायरॉईड ग्रंथींचं हार्मोन) करता येईल का, तेही विचारा. मॅग्नेशियम कमी असेल तर नुसत्या कॅल्शियमने आकडा वर येत नाही. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला की कॅल्शियम घसरतं. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत सावरतात, पण तोवर गोळ्या चुकवून चालत नाही.

आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं. ताईला कॅल्शियमच्या गोळ्यांनी पोट जड वाटायचं, म्हणून मी मेडिकलमधून पित्ताची गोळी आणून रोज द्यायला लागले, कोणालाही न विचारता. कॅल्शियम कार्बोनेट अंगी लागायला पोटात आम्ल लागतं आणि ती गोळी नेमकं तेच कमी करते, हे मला माहीत नव्हतं. त्यात सगळ्या गोळ्या सकाळी एकदमच द्यायचे. थायरॉक्सिन (थायरॉईडच्या हार्मोनची गोळी) उपाशीपोटी आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी, जेवणासोबत, हे डिस्चार्जच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मुंग्या सुरू झाल्यावर मी हॉस्पिटलला चार दिवसांत पाच फोन केले. प्रत्येक वेळी काउंटरवरून एकच उत्तर: ‘ऑपरेशननंतर असं होतं, दिलेल्या तारखेला ओपीडीत या.’ डॉक्टरांपर्यंत निरोप एकदाही पोचला नाही. आजही त्याचा राग येतो. पेशंटला कॅन्सर आहे, गळ्याचे टाके ओले आहेत, आणि फोन उचलणाऱ्याला हे लक्षण धोक्याचं आहे एवढंही कोणी शिकवलेलं नसावं?

पाचव्या रात्री ताईचे पाय आखडले. गावातल्या तरुण डॉक्टरांनी बीपीचा पट्टा दंडाला बांधून हवा भरली आणि थोड्याच वेळात तिचा हात मनगटात वाकला, बोटं ताठ होऊन एकत्र आली. त्यांनी पट्टा सोडला आणि म्हणाले, ‘कॅल्शियम. ताबडतोब निघा.’ तालुक्याला कॅल्शियमचा आकडा आला ६.४ (mg/dL), साधारण ८.५ च्या वर हवा. ईसीजीवर लक्ष ठेवून शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं, तेव्हा पहाटे हात मोकळा झाला. त्या चार दिवसांत मी फोन करत बसण्याऐवजी एक साधी रक्ततपासणी करून घेतली असती तर ती रात्र आलीच नसती.

म्हणून माझं ठाम मत: फोनवर विसंबू नका, पेशंटला घेऊन जा. हात-पाय आखडले, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वासाला त्रास झाला किंवा झटका आला तर रिपोर्टचीही वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा. मुंग्या आहेत म्हणून ‘नसांची कमजोरी’ समजून बी१२ची इंजेक्शनं घेत बसू नका, त्यात आमचेही दोन दिवस गेले. मात्र कॅल्शियमचा डोस स्वतःच्या मनाने वाढवूही नका, जास्त झालं तर किडनीला त्रास होतो.

जाता जाता, केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू असेल तर टीएसएचच्या (थायरॉईडच्या रक्ततपासणीच्या) आधी डॉक्टरांना सांगा, रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. पुढे रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉईडच्या पेशी मारण्यासाठी देतात ते किरणोत्सारी आयोडीन) द्यायचं ठरलं तर त्याआधीच्या जेवणातल्या मिठाबद्दल आणि नंतर गालाखाली येणाऱ्या सुजेबद्दल वेगळं लिहीन, तोही आमचा अनुभव आहे.

सध्या सासूबाईंना कोणत्या गोळ्या किती वाजता देता ते लिहा, आणि रिपोर्ट आला की आकडाही कळवा. पित्ताची गोळी चालू असेल तर तेही, आणि आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.