तुमचे प्रश्न : बाळांच्या अतिदक्षता विभागाचं शिक्षण

प्रश्न : एमडी पेडियाट्रिक्स झालं. परभणीत स्वतःचं एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) काढायचं आहे. डीएमसाठी (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) थांबू की एखादी फेलोशिप करून मोकळा होऊ?

निओनॅटॉलॉजी म्हणजे नवजात बाळांचं वैद्यकशास्त्र. त्यातली डीएम आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी दोन्ही 3 वर्षांच्या, प्रवेश नीट-एसएस या सुपरस्पेशालिटी प्रवेश परीक्षेतून. नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमसारख्या संस्थांच्या फेलोशिप त्याहून बऱ्याच लहान असतात आणि त्या डीएमच्या तोडीच्या धरल्या जात नाहीत. मेडिकल कॉलेजात निओनॅटॉलॉजी शिकवायचं मनात असेल तर डीएमच करा. आठ-दहा खाटांचं युनिट नीट चालवायला मात्र चांगली फेलोशिप पुरते. अडचण ‘चांगली’ या शब्दाची आहे.

विभागप्रमुखांना विचारू नका, सध्या तिथे असलेल्या फेलोला गाठा. त्याच इमारतीत बाळंतपणं होतात का? नुसती बाहेरून आलेली बाळं असतील तर जन्मानंतरचा पहिला तास तुम्हाला शिकायलाच मिळणार नाही. हजार ग्रॅमखालची बाळं महिन्याला किती? रात्री दोनला श्वासाची नळी कोण घालतं? नाभीतली लाइन, मेंदूची सोनोग्राफी स्वतःच्या हाताने करू देतात का? सुटी झालेल्या बाळांची फॉलोअप ओपीडी आहे का? चाळीस खाटांच्या झगमगीत युनिटात वर्षभर डिस्चार्ज कार्डं लिहिण्यापेक्षा बारा खाटांचं, पण हात चालणारं युनिट बरं.

प्रश्न : माझं डीसीएच (बालरोगाचा डिप्लोमा) आहे. डीएमला बसता येईल का? (केज)

थेट नाही. पीडीसीईटी (डिप्लोमाधारकांची प्रवेश परीक्षा) देऊन 2 वर्षांचं डीएनबी पेडियाट्रिक्स करा, मग नीट-एसएस.

प्रश्न : जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांचा कक्ष) आहे. बबल सीपीएपीचे (पाण्यात बुडवलेल्या नळीने दाब ठेवून नाकावाटे श्वासाला मदत करणारं यंत्र) बुडबुडे मधेच थांबतात. फ्लो (हवेचा प्रवाह) मिनिटाला 10 लिटरवर नेला की परत येतात. चालेल ना? (बीड)

नाही चालणार. नळी 5 सेंमी पाण्यात म्हणजे दाब 5, आणि त्यासाठी 5 ते 8 लिटर फ्लो पुरतो. त्यात बुडबुडे येत नसतील तर कुठेतरी गळती आहे. फ्लो वाढवून ती फक्त झाकली जाते.

प्राँग (नाकात बसणारी दुतोंडी नळी) नाकातून काढा आणि तिची तोंडं बोटांनी बंद करा. बुडबुडे आले तर सर्किट ठीक आहे, दोष बाळाकडे : प्राँग लहान पडतेय किंवा बाळाचं तोंड उघडं राहतंय. तरीही आले नाहीत तर ह्युमिडिफायरचं झाकण, टेंपरेचर प्रोबचं भोक, प्रत्येक सांधा तपासा. उलटही लक्षात ठेवा : नाक शेंबडाने बंद असलं तरी बुडबुडे छान येत राहतात. म्हणून आवाजावर जाऊ नका, छातीकडे बघा, स्टेथो लावा.

प्राँग आणि नाकाचा पडदा यांत 2 मिमी फट हवी. पडदा पांढरा पडू लागला की जखम जवळ आलीच. आणि मे महिन्यातला आपला कूलर! त्याचा झोत सर्किटवर आला की नळीत पाणी साचतं. ते बाळाकडून बाहेर जाणाऱ्या नळीत तुंबलं की दाब नकळत वाढतो, आणि बाहेर 42 डिग्री असताना आत बाळ गार पडतं. बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 ठेवा. ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 90 ते 95 टक्के हवं; 99 दिसलं की खूश होऊ नका, ब्लेंडर (हवा-ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) खाली आणा.

प्रश्न : मुलीचं बाळ 31 आठवड्यांत जन्मलं, वजन 1400 ग्रॅम. आता घरी आलंय. चौथ्या आठवड्यात डोळे तपासा म्हणाले. सव्वा महिना झाल्यावर नेलं तर? बाळ दिव्याकडे छान बघतं. (उदगीर)

सव्वा महिन्याची वाट पाहू नका, ताई. कमी दिवसांच्या बाळांना होणारा हा आजार (आरओपी) डोळ्याच्या मागच्या पडद्याचा असतो, वरून दिसत नाही. बाळ दिव्याकडे बघतं म्हणून पडदा ठीक आहे असं होत नाही. बाळाला 30 दिवस व्हायच्या आत ही तपासणी झालीच पाहिजे. लेझर लागलं तर ते दोन-तीन दिवसांत करावं लागतं, म्हणून आधी फोन करून पडदा तपासणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. तपासणीच्या आधी तासभर दूध पाजू नका. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यामुळे अर्धा दिवस मोडेल. पहिल्या वेळी ‘ठीक आहे’ म्हणाले तरी पुढची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.