उत्तर न आलेला खुलासा

महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी ताणतणाव व्यवस्थापनाचे सत्र घेऊन मी सभागृहाबाहेर पडले की जिन्यापाशी कोणी ना कोणी थांबलेले असते. चाळीस जणांसमोर न विचारलेला प्रश्न तिथे हळू आवाजात विचारला जातो आणि गेली काही वर्षे तो जवळपास त्याच शब्दांत येतो : ‘मॅडम, ग्रुपवर मेसेज आला की छातीत धस्स होतं. काय करावं?’ हा ग्रुप म्हणजे खात्याचा किंवा क्षेत्रीय कार्यालयाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यावर सकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, दुपारी परिपत्रके, संध्याकाळी बदल्यांची यादी आणि कधी रात्री साडेदहाला कोणाच्या तरी नावाचे ज्ञापन म्हणजे लेखी खुलासा मागणारे पत्र, तेही त्या नावाभोवती लाल गोल काढून. विचारणारे कधी आरोग्य निरीक्षक असतात, कधी कनिष्ठ अभियंता, तर कधी पहाटे हजेरी घेणारे मुकादम. खाती वेगळी असली तरी काळजी एकच आहे, म्हणून तिचे उत्तर एका माणसाच्या निमित्ताने येथे लिहीत आहे.

ते मालमत्ता कर विभागातील लिपिक. त्यांचे नाव लिहीत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरचे त्यांना भाऊ म्हणतात, आपणही तेच म्हणू. वय अठ्ठेचाळीस, नोकरी बावीस वर्षांची. पहिल्या भेटीत पत्नी सोबत होत्या आणि बराच वेळ त्याच बोलत होत्या. भाऊंना रात्री दोननंतर झोप नसते, जेवताना ते फोन ताटाशेजारी उलटा ठेवतात आणि दर घासाला सुलटा करून पाहतात, रविवारी संध्याकाळ झाली की घरात कोणाशी धड बोलत नाहीत. छातीत दुखते म्हणून दोन वेळा ईसीजी काढून झाला होता आणि दोन्ही व्यवस्थित होते. त्याचा पिवळा लिफाफा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, जणू पुरावा सादर करावा तसा. (छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर आणि मगच समुपदेशक, हा क्रम कोणीही बदलू नये.)

पहिल्या दोन भेटींत मी चुकीच्या वाटेने गेले, हे मान्य करते. दिवस मार्चअखेरचे होते. वसुलीचे उद्दिष्ट, थकबाकीदारांच्या याद्या, जप्तीच्या नोटिसा, खिडकीवरची वादावादी आणि दोन रिक्त पदांचे काम एकाच टेबलावर, हे सारे ऐकून मला वाटले की कामाचा बोजा हेच कारण असणार. मी त्यांना दिवसाची आखणी करायला लावली. भाऊंनी ती सुवाच्य अक्षरात, रकाने आखून केली आणि त्यांची झोप होती तशीच राहिली.

तिसऱ्या भेटीत माझ्यासमोरच त्यांचा फोन थरथरला. बोलता बोलता अर्धे वाक्य सोडून त्यांनी तो उचलला, एक कागद उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि वरून खाली सरकवत शेवटपर्यंत नेला. मग फोन खाली ठेवून कपाळ पुसले.

‘काय होतं?’ मी विचारले.

‘बदल्यांची यादी होती. अभियंत्यांची.’

‘मग त्यात तुमचं नाव कसं असेल?’

‘नसणारच. पण पाहिल्याशिवाय राहवत नाही.’ थोडे थांबून ते म्हणाले, ‘बदलीचं मला काही नाही हो. मी वेगळाच कागद शोधत असतो.’

तो कागद चार वर्षांपूर्वीचा होता. मालमत्तेच्या हस्तांतरणाची नोंद मुदतीत झाली नाही, म्हणून एका नागरिकाने तक्रार केली होती. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवा ठरावीक दिवसांत द्यावी लागते आणि कसूर ठरल्यास पदनिर्देशित, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साहजिकच वरून विचारणा झाली आणि ती उतरत उतरत भाऊंच्या टेबलावर आली. ‘आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा, अन्यथा आपणांस काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरून आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई प्रस्तावित करण्यात येईल.’ हे वाक्य त्यांनी मला न अडखळता पाठ म्हणून दाखवले. ज्या दिवसांत ती नस्ती (फाइल) पडून राहिली, त्या दिवसांत त्यांची नेमणूक निवडणुकीच्या कामावर होती. त्या आदेशाची प्रत जोडून त्यांनी दुसऱ्याच दिवशी खुलासा दिला आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतली.

‘त्या खुलाशाचं पुढे काय झालं?’

‘काहीच नाही.’

‘मान्य झाला की अमान्य?’

‘कोणी कळवलंच नाही, मॅडम.’

बावीस वर्षांच्या नोकरीत या माणसाला जे कळले नव्हते आणि कर्मचाऱ्यांबरोबर इतकी वर्षे काम करून मलाही जे नीट दिसले नव्हते, ते मला त्या क्षणी लख्ख दिसले. आपल्या कार्यालयांत ठपका लेखी येतो, जावक क्रमांकासह येतो. पण माणूस निर्दोष ठरला तर ते बहुधा त्याला कळवलेच जात नाही. साहेब खुलासा वाचतात, ‘दप्तरी दाखल करावे’ असा शेरा मारतात आणि नस्ती कपाटात जाते; इकडे माणूस मात्र ती डोक्यात उघडी ठेवून वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि प्रत्येक मेसेजमध्ये तिचाच निकाल शोधतो. लंडनमधील सरकारी नोकरांच्या प्रकृतीचा, व्हाइटहॉल या नावाने ओळखला जाणारा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, तेव्हा हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा आजार, असा समज होता. प्रत्यक्षात त्याने होणारे मृत्यू सर्वांत खालच्या श्रेणीत कितीतरी अधिक आढळले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दहा हजारांहून अधिक कर्मचारी होते आणि स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा नसणे हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण म्हणून पुढे आले. भाऊंच्या ताटाशेजारचा तो उलटा फोन मला तेव्हा निराळा दिसू लागला.

आता सोपा उपाय समोर होता. नोकरीतील शिक्षेसह साऱ्या नोंदी असलेले कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक त्याला दर वर्षी दाखवून त्यावर त्याची सही घ्यावी, अशी तरतूद राज्याच्या सेवा नियमांत आहे. भाऊंनी आस्थापना विभागात जाऊन ते पाहिले असते तर शंका फिटली असती. ते स्वतःच म्हणाले, ‘उद्याच जातो.’ मी त्यांना थांबवले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माझी घडण झाली आहे आणि तिथे पहिली शिकवण अशी की, ‘तसे काही होणार नाही’ या दिलाशावर माणसाला उभे करू नये, कारण तो दिलासा पुढच्या मेसेजपर्यंतच टिकतो.

‘जा, पण आधी मला सांगा, नोंद असेल तर?’

भाऊ एकदम गप्प झाले. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यावा इतका वेळ गेला. मी काहीही बोलले नाही, आणि समुपदेशकाला सर्वांत अवघड असते ते नेमके हेच.

‘वेतनवाढ रोखतील,’ ते शेवटी म्हणाले.

‘किती?’

‘फार तर एक. एका वर्षासाठी. पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता.’

‘रुपयांत किती होतात?’

दिवसभर दुसऱ्यांची थकबाकी काढणाऱ्या या माणसाने स्वतःची कधीच काढली नव्हती. त्यांनी ईसीजीचा लिफाफा उलटा केला, मूळ वेतनाचे तीन टक्के काढले, त्यावर महागाई भत्ता धरला, बाराने गुणले आणि खाली दोन रेघा मारल्या. चोवीस हजारांच्या आत. त्या आकड्याकडे पाहत ते म्हणाले, ‘पैशांचं नाहीच आहे हे. माझे वडील याच पालिकेत पाणीपुरवठ्याला व्हॉल्व्हमन होते. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले होते, एकतीस वर्षांत माझ्या नावावर एक कागद नाही. माझ्याही नावावर कागद असताच कामा नये.’

मला हवे होते ते अक्षर आले होते. मराठीत माणसाचा सारा आग्रह ‘च’ या एका अक्षरात मावतो. नावावर कागद नसावा ही इच्छा झाली आणि ती चांगली आहे, तिच्यामुळे भाऊ काम नेटके करतात. असताच कामा नये हा हुकूम झाला, आणि हुकूम मोडला जाईल या भीतीने माणूस रात्रभर पहारा देतो. मी त्यांना एवढेच विचारले की, ज्या पालिकेत माणसाला एकाच दिवशी निवडणुकीच्या कामावर आणि स्वतःच्या टेबलावर हजर धरले जाते, तिथे एकही कागद न येणे हे कोणाच्या हातात आहे? भाऊ हसले, आमच्या सर्व भेटींत पहिल्यांदा. ‘वडिलांना निवडणुकीचं काम नव्हतं,’ ते म्हणाले. नंतरच्या भेटींत आम्ही बरेच बोललो, पण खरे काम त्या वाक्यात झाले होते, असे मला आजही वाटते.

सेवापुस्तक त्यांनी पुढच्या आठवड्यात पाहिले. शिक्षेची नोंद नव्हती. हे त्यांनी मला भेटीच्या शेवटी, चप्पल घालता घालता सांगितले, याचा मला त्या बातमीपेक्षा अधिक आनंद झाला.

जिन्यापाशी थांबणाऱ्यांना आता मी सांगते ते याच अनुभवातून आलेले आहे. ज्ञापन आले तर खुलासा शक्यतो दुसऱ्या दिवशी, थोडक्यात आणि आदेशांच्या प्रती जोडून द्यावा, पोच घ्यावी, आणि महिन्याभरात काही कळले नाही तर ‘माझ्या खुलाशावरील निर्णय कळवावा’ असा दोन ओळींचा अर्ज आवक बारनिशीत, म्हणजे येणाऱ्या पत्रांची नोंद होते तिथे, द्यावा. पुष्कळ जण या अर्जाला घाबरतात, झोपलेला साप कशाला डिवचा असे म्हणतात. पण तो साप उशाशी घेऊन झोपण्यापेक्षा विचारलेले बरे. तोंडी मिळालेल्या आदेशाचा उल्लेख टिपणीत तारखेसह करावा. ग्रुपचा आवाज बंद करून दिवसातून दोन ठरावीक वेळा तो वाचावा, आणि खरोखरच तातडीचे असेल तर साहेब फोन करतातच, हे ध्यानात ठेवावे. मेसेज उघडण्यापूर्वी आपण मनात कोणते वाक्य म्हणतो ते एकदा कागदावर उतरवून त्यातील ‘च’ शोधावा. दीर्घ श्वास त्यानंतर घ्यावा, आधी घेतला तर भीती फक्त सावकाश श्वास घेऊ लागते.

‘इथे आल्याचं ऑफिसला कळेल का?’ हेही जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. मी कळवत नाही, आणि मानसिक उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने दिलेला आहे. रात्री अगदी असह्य झाले, जगू नये असे वाटू लागले, तर सकाळची वाट न पाहता १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. शासनाची टेलिमानस सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे.

अधिकाऱ्यांच्या सत्रात मात्र मी श्वासाविषयी काहीच बोलत नाही. दोन माणसांचे काम एकाला दिल्याने येणारा थकवा समुपदेशनाने जात नाही, तिथे पदेच भरावी लागतात, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. दुसरी विनंती बिनखर्चाची असते : खुलासा मान्य केला असेल तर तसे एका ओळीत लेखी कळवा, आणि कोणाचेही ज्ञापन ग्रुपवर टाकू नका. एका सत्रानंतर एक उपायुक्त म्हणाले, ‘एवढ्यासाठी पत्र काढायचं?’ मी त्यांना लिफाफ्यावरील हिशेबाची गोष्ट सांगितली, अर्थात भाऊंच्या परवानगीने.

यंदा मार्चअखेरीस भाऊंचा फोन आला. मुलीला मानसशास्त्र घ्यायचे आहे, कोणते महाविद्यालय बरे, असे विचारत होते. त्यांच्या विभागात वसुली कमी झाल्याने सरसकट सर्वांना नोटिसा निघाल्याचे मी ऐकले होते, म्हणून शेवटी मीच विषय काढला.

‘हो, मलाही आहे,’ ते म्हणाले. ‘तीन दिवसांची मुदत आहे, सोमवारी देतो. तर अनुदानित महाविद्यालयात फी साधारण किती पडेल?’