एक पीआरआय कार्ड बंद पडलं तर?

प्रश्न : ऑफिसात अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारं फोन एक्स्चेंज आहे, एकच पीआरआय लाइन (एकाच वेळी बरेच कॉल नेणारी डिजिटल फोन लाइन). त्याच मशीनमध्ये लाइन जोडायचं दुसरं कार्ड बॅकअप म्हणून बसवलं तर पहिलं गेल्यावर आपोआप चालू होईल का?

उत्तर : नाही होणार. लाइनची केबल पहिल्या कार्डातच असते ना, ती हाताने काढून दुसऱ्यात लावायला कुणीतरी हवंच, आणि पॉवर सप्लायच उडाला तर दोन्ही कार्डं एकदमच गेली! आपोआप हवं असेल तर लाइनच दोन घ्या, एकेका कार्डावर एकेक. आउटगोइंगसाठी दोन्हींचे चॅनल (एकेका कॉलची एकेक वाट) एकाच ग्रुपमध्ये टाकले की एक लाइन मेली तरी कॉल दुसरीवरून जातो. इनकमिंगचं मात्र टेलिफोन कंपनीकडूनच करून घ्यावं लागतं, तुमच्या मशीनच्या हातात ते नाही.

दुसरं कार्ड घातलं की सिस्टम.कॉन्फ (system.conf) ही कार्डांच्या सेटिंगची फाइल नीट बघा. स्पॅनच्या (म्हणजे एकेका लाइनच्या) ओळीतला दुसरा आकडा टायमिंगचा, म्हणजे घड्याळ कुठल्या लाइनवरून आधी घ्यायचं त्याचा, पहिल्या लाइनला 1, दुसरीला 2. हे चुकलं की आवाजात कटकट येते नि लोक उगाच फोनसेट बदलत बसतात. बजेट कमी असेल तर मी म्हणेन सरळ जुन्या पीसीत सेम कार्ड, सेम सेटिंग तयार ठेवा, केबल बदलायला दोन मिनिटं पुरतात.