गिटारवर सी कॉर्डवरून जी कॉर्डवर जाताना हात अडकतो, काय करावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वावरातून आल्यावर रोज अर्धा तास गिटार घेता, सी आणि जी हे कॉर्ड (एकाच वेळी वाजवायचे सुरांचे गट) सुटेसुटे स्वच्छ वाजतात, पण एकावरून दुसऱ्यावर जाताना ठेका तुटतो. गावात शिकवणारं कोणी नाही, आणि बोटं जाड असल्यामुळे असं होत असेल, अशी तुम्हाला शंका आहे. जाड बोटांचा याच्याशी संबंध नाही. माझ्या मते जी धरायची तुमची पद्धत बदलायला हवी.

नवीन माणूस बहुधा जी असा धरतो: पाचव्या तारेवर तर्जनी, सहाव्यावर मधलं बोट, पहिल्यावर अनामिका (सर्वात बारीक तार पहिली, सर्वात जाड सहावी). सीवरून तिथे जाताना तिन्ही बोटं तीन दिशांना पळतात. त्याऐवजी सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पाडलेला घर) अनामिका, पाचव्याच्या दुसऱ्या फ्रेटवर मधलं बोट आणि पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर करंगळी ठेवा. आता सी धरून बघा. अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट चौथ्याच्या दुसऱ्यावर. तीच जोडी, तोच तिरपेपणा, फक्त एक तार सरकलेली! जीवर जाताना ही जोडी जाड तारेकडे ढकलायची, तर्जनी उचलायची, करंगळी टेकवायची. करंगळी सुरुवातीला लुळी पडते. आठवडाभर ती ठेवली नाही तरी चालेल, पहिली तार मोकळी वाजली तर कानाला खुपत नाही.

सीवर परतताना बहुतेक जण तर्जनी आधी ठेवतात. तिथेच वेळ जातो. उजव्या हाताचा खाली जाणारा स्ट्रोक (तारांवरचा फटका) जाड तारांवर आधी पडतो, म्हणून अनामिका सर्वात आधी पोचली पाहिजे. तर्जनी दुसऱ्या तारेवर आहे, तिला किंचित उशीर झाला तरी निभावतं.

उजवा हात मात्र कधीच थांबवू नका. तुकडोजी महाराजांची भजनं ऐकलीच असतील. शब्द चुकला तरी खंजिरी थांबत नाही. तसंच इथे. चौथ्या मात्रेनंतर वर येणारा स्ट्रोक मोकळ्या तारांवर पडू द्या, डावा हात त्याच क्षणी सरकतो. मुरलेले वादकही हे करतात, ऐकणाऱ्याला कळत नाही.

सरावासाठी मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० ठोक्यांवर लावा. पहिल्या ठोक्याला सीचा एकच स्ट्रोक. दुसरा, तिसरा, चौथा ठोका रिकामा. तेवढ्यात बोटं जीवर नेऊन तयार ठेवायची. पुढच्या पहिल्या ठोक्याला जी. पाच मिनिटं हे न अडखळता झालं की दोन स्ट्रोक, मग तीन, मग चारही. त्यानंतरच वेग वाढवा, एका वेळी ५ ठोके. मिनिटाला ३० बदल होऊ लागले म्हणजे ६० च्या वेगात दर दोन ठोक्यांना कॉर्ड बदलतोय. एवढ्यावर साधी गाणी आरामात निघतात.

बोट तारेपासून अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त उचलू नका. दाबही मोजका हवा. फ्रेटच्या पट्टीला लागून बोट नुसतं टेकवा, हळूहळू दाबत जा, खरखर थांबली की तिथेच थांबा. त्याहून जास्त जोर लावलात तर बोट सुटायला वेळ लागतो.

एवढं करूनही दाबताना जीव जात असेल, तर गिटार तपासा. शाळेची पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरून सहाव्या तारेखालची फट मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक. साडेतीनच्या वर असेल तर पुलावरची (गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथली) पांढरी पट्टी दुकानातून घासून घ्या. तोवर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून वाजवा, तारा मऊ लागतील. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गिटार टिनाखाली उघडी ठेवू नका, आणि कूलरच्या झोतासमोर तर मुळीच नको. कोरड्या उष्णतेने लाकूड आकसतं, ओल्या हवेने फुगतं आणि तारांची उंची बदलते.

कापूस वेचणीत बोंडांच्या टोकांनी पेरं सोलवटली असतील त्या दिवशी तारा दाबू नका, बोटं नुसती टेकवून बदल करा. आवाज बुजका येईल, पण बोटांना वाट तेवढीच पाठ होते.